एकवीस पुतळ्यांची माळ : एका वाटणीत अडलेल्या व्हेनिसच्या नाण्यांचे प्रकरण

सातारा जिल्ह्यातील एका कुटुंबात आजीच्या निधनानंतर दागिन्यांची वाटणी सुरू झाली, तेव्हा पाटल्या, बांगड्या आणि ठुशी यांचा हिशेब एका दुपारीच मिटला. घोडे अडले ते पुतळ्यांच्या माळेपाशी. लाल रेशमी गोफात ओवलेल्या एकवीस पुतळ्या, बहुतेकींना वर झाळून बसवलेली कडी, चौघींना थेट पाडलेले भोक, आणि सगळ्यांचे मिळून वजन सुमारे ६८ ग्रॅम. सराफाने माळ काट्यावर ठेवून, कस सरसकट धरून, मोडीचा एक आकडा सांगितला आणि जाता जाता ‘यातल्या सात-आठ खऱ्या जुन्या आहेत, बाकी बनवलेल्या’ असे बोलून गेला. त्या एका वाक्याने तिघा भावंडांची तोंडे तीन दिशांना वळली. थोरल्या भावाला खऱ्या पुतळ्या कोणत्या ते ठरवून तिघांत सारख्या वाटायच्या होत्या, धाकट्याला उरलेल्या मोडून पैसे करावेसे वाटत होते, आणि कॅनडात स्थायिक झालेल्या बहिणीला आपल्या वाट्याच्या पुतळ्या बरोबर न्यायच्या होत्या. युरोपातील व्यापारी सुवर्णनाणी जमवण्याचा मला बऱ्याच वर्षांचा नाद आहे, हे त्यांच्या एका आप्ताला ठाऊक असल्याने ती माळ माझ्यापुढे आली. कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील या टिपणातून मी गाळले आहेत. नाण्यांचे गाळलेले नाहीत.

मला विचारले गेले ते एवढेच की खऱ्या किती. उत्तर शोधताना या प्रश्नाचे मला तीन प्रश्न करावे लागले : नाणे कोणत्या टांकसाळीत पडले, त्यातले सोने कोणत्या कसाचे आहे, आणि टांकसाळीतून बाहेर आल्यावर त्याच्यावर काय काय प्रसंग आले. ही तिन्ही उत्तरे एकमेकांशी जुळतीलच असे नसते, आणि या माळेत ती जुळली नाहीत. प्रकरणाचा सगळा गुंता त्यातून निर्माण झाला, आणि सुटलाही त्यातूनच.

पुतळी हा शब्द आज दागिन्याच्या नावात उरला असला, तरी आपल्याकडे तो एका परदेशी नाण्याचे नाव म्हणून रुळलेला होता. व्हेनिसच्या महासभेने ३१ ऑक्टोबर १२८४ रोजी सोन्याचे नाणे पाडण्याचा ठराव केला, तेव्हा जोव्हान्नी दांदोलो हा तेथील डोजे, म्हणजे त्या प्रजासत्ताकाचा निवडून आलेला प्रमुख, होता. फ्लॉरेन्सने आपला फ्लोरिन १२५२ मध्येच काढला होता, म्हणून व्हेनिसचे नाणे फ्लोरिनइतके चोख किंवा त्याहूनही सरस असावे, असे त्या ठरावातच म्हटले होते. एका मार्क वजनाच्या सोन्यातून ६७ नाणी काढायची, म्हणजे दर नाणे साडेतीन ग्रॅमच्या किंचित वर, आणि सोने त्या काळी शुद्ध करता येईल तितके शुद्ध, असा हिशेब होता. आपल्या जुन्या मापात हे वजन साडेतीन माशांच्या थोडे वर भरते. या नाण्याला डुकाट म्हणत. पुढे डुकाट हे हिशेबातल्या एका रकमेचेही नाव होऊन बसल्यामुळे सोळाव्या शतकापासून प्रत्यक्ष नाण्याला झेक्कीनो म्हणू लागले. झेक्का म्हणजे टांकसाळ, आणि तो शब्द अरबी सिक्क्यावरून आलेला, त्यामुळे आपल्या ‘शिक्क्या’चा तो जवळचा भाऊबंद लागतो.

या नाण्याचे चित्र पाच शतकांत जवळजवळ बदलले नाही. एका बाजूला उभा असलेला संत मार्क गुडघे टेकलेल्या डोजेच्या हाती निशाणाची काठी देतो. दुसऱ्या बाजूला बदामी आकाराच्या वलयात येशू उभा असतो, त्याच्या भोवती तारे असतात, आणि कडेने ‘हे ख्रिस्ता, ज्यावर तुझी सत्ता आहे ते हे राज्य तुला अर्पण असो’ अशा अर्थाची लॅटिन ओळ संक्षेपाने लिहिलेली असते. नाण्यावर किंमत नाही आणि सालही नाही. काळ ओळखायचा तो संतापुढे गुडघे टेकलेल्या डोजेच्या नावावरून. चित्र न बदलण्यामागे व्हेनिसच्या व्यापाऱ्यांचा रोकडा हिशेब होता : कैरोच्या, सीरियातल्या हलबच्या (अलेप्पोच्या) किंवा सुरतेच्या सराफाला लॅटिन वाचता येत नसे, तो नाणे ओळखी तो चेहऱ्यामोहऱ्यावरून आणि कसावरून, आणि चेहरा बदलला की बट्टा कापून घेई. पुढे ऑस्ट्रियाचा मारिया तेरेसाचा चांदीचा थालर १७८० हेच साल कोरून पुढची दोन शतके पाडला गेला, तो याच कारणाने.

मिरी, मसाले आणि कापड यांच्या बदल्यात युरोपाकडे पूर्वेला देण्याजोगा माल कमी होता, म्हणून सोने-चांदी द्यावी लागे, आणि त्या ओघात हे नाणे अलेक्झांड्रिया, तांबडा समुद्र आणि अरबी समुद्र या वाटेने हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरले. १८८२ साली भरूच येथे सापडलेल्या नाण्यांच्या साठ्यात दिल्लीच्या सुलतानांच्या आणि इजिप्तच्या मामलुकांच्या नाण्यांबरोबर व्हेनिसचे डुकाटही होते. मोगल मुलखात परकी नाणे बहुधा टांकसाळीत जाऊन वितळे आणि बादशाही मोहरेचा अवतार घेई. दख्खनेत आणि दक्षिणेत मात्र ते आपल्या मूळ रूपात फिरत राही. सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या सभासद बखरीत शिवछत्रपतींच्या खजिन्याची जी यादी आहे, तीत होनांच्या अनेक जातींच्या जोडीला पुतळीही नोंदलेली आहे. दक्षिणेत याच नाण्याला शाणार काशु म्हणत, कारण काठी धरलेला डोजे तिथल्या लोकांना माडावर चढणाऱ्या शाणारासारखा, म्हणजे ताडी काढणाऱ्यासारखा, दिसे. ज्या घराची ही माळ, त्या घरात आजी तिला ‘राम-सीतेच्या पुतळ्या’ म्हणत असत. संत मार्क आणि डोजे यांना याहून चांगले आजोळ मिळाले नसते.

पहिल्या बैठकीला मी दोन अटी घातल्या. माळ उसवण्यापूर्वी प्रत्येक पुतळीचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र घ्यायचे आणि ओवण्याचा क्रम लिहून ठेवायचा. आणि कोणीही पुतळ्या धुवायच्या, घासायच्या किंवा उजळायला द्यायच्या नाहीत. दुसरी अट धाकट्या भावाला विचित्र वाटली, कारण अक्षरांच्या खाचांत काळपट लाल थर बसला होता आणि तो त्याला मळ वाटत होता. तो वर्षानुवर्षे लक्ष्मीपूजनाला लावलेल्या हळदीकुंकवाचा थर होता. सोन्याच्या नाण्याला घासणे आणि तेजाबात बुडवणे दोन्ही भोवते. वरचा नाजूक पोत एकदा गेला की परत येत नाही, आणि जाणकार संग्राहक पहिल्या नजरेत ते ओळखतो. हळदीकुंकू राहिले तर नाण्याचे काही बिघडत नाही, उलट ते नाणे कुठे राहिले याची खूण शिल्लक राहते.

क्रम लिहिताना एक गोष्ट लक्षात आली, जी वजनाच्या काट्यावर कधीच दिसली नसती. मानेकडच्या दोन्ही टोकांना दोन-दोन हलक्या, पातळ पुतळ्या होत्या आणि छातीवर येणाऱ्या भागात जड, जाड पुतळ्या होत्या. म्हणजे माळ ज्याने ओवली किंवा ओवून घेतली, त्याला कोणती पुतळी कोणत्या तोलाची हे चांगले ठाऊक होते. मधोमध, सर्वांच्या नजरेत भरेल अशा जागी, जी सर्वांत रुंद आणि पिवळीधमक पुतळी होती, तिच्यावर नेमकी माझी फसगत झाली. तिची हकीकत पुढे येते.

भिंगाखाली पहिल्यांदा वेगळ्या निघाल्या त्या ज्यांच्यावर डोजेचे नाव स्पष्ट वाचता येत होते. एकीवर लुदोव्हिको मानीन, दोघींवर पाओलो रेनियेर, आणि पाच पुतळ्यांवर मोचेनीगो घराण्याचे नाव. मानीन हा शेवटचा डोजे. १७८९ मध्ये निवडून आला आणि १७९७ मध्ये नेपोलियनपुढे प्रजासत्ताकाने मान टाकली तेव्हा त्याची गादीही गेली. रेनियेरची कारकीर्द १७७९ ते १७८९. हे दोघे सोपे होते. मोचेनीगो मात्र नवशिक्या संग्राहकाला चकवतो, कारण आल्व्हिझे मोचेनीगो या एकाच नावाचे चार डोजे झाले : पहिला १५७० ते १५७७, दुसरा १७०० ते १७०९, तिसरा १७२२ ते १७३२ आणि चौथा १७६३ ते १७७८. नाण्यावर नावापुढे क्रमांक लिहिण्याची पद्धत नव्हती, त्यामुळे ‘मोचेनीगोचे नाणे’ एवढे म्हणून दोनशे वर्षांचा पल्ला मोकळा राहतो, आणि सोळाव्या शतकातले म्हणून अठराव्या शतकातले नाणे चढ्या दराने विकणारे याच पळवाटेने जातात. अशा वेळी अक्षरांची घडण, डोजेच्या टोपीचा आकार, संताच्या वस्त्राच्या चुण्या आणि कडेच्या ठिपक्यांची माळ या गोष्टी काळ निश्चित असलेल्या संग्रहालयीन नाण्यांशी ताडून पाहाव्या लागतात. तसे ताडल्यावर या पुतळ्या पहिल्या मोचेनीगोच्या नाहीत हे ठामपणे सांगता आले. चौथ्याच्या असाव्यात अशी नोंद मी केली आणि ‘असाव्यात’ हा शब्द मुद्दाम ठेवला.

अशा आठ पुतळ्या पहिल्या दिवशी मी व्हेनिसच्या म्हणून बाजूला काढल्या. सराफाचे ‘सात-आठ’ खरे ठरल्याचे पाहून थोरला भाऊ खूश झाला. त्या संध्याकाळी छायाचित्रे मोठी करून पाहताना मधल्या पुतळीवर नजर अडली. डोजेचे नाव जवळजवळ बरोबर होते, पण त्यातले एक अक्षर आरशात पाहिल्यासारखे उलटे होते. दुसऱ्या बाजूची लॅटिन ओळ तर ओळ नव्हतीच. उभ्या-आडव्या काड्यांची एक रांग होती, तिच्यात मधूनच एखादे अक्षर ओळखीचे वाटे. तारे वलयात बसवलेले नव्हते, जिथे जागा मिळाली तिथे टोचलेले होते. ठसा कोरणाऱ्याला लॅटिन येत नव्हते. त्याने अक्षरे चित्रासारखी पाहून उतरवली होती. वजन आणि रंग पाहून मी नाव अर्धेच वाचले आणि उरलेले मनाने पुरे केले, ही चूक माझी. सतत पाहिलेल्या नाण्याच्या बाबतीत ती हमखास होते, कारण डोळा जे ठाऊक आहे तेच वाचतो.

हिंदुस्थानी नकलेच्या खुणा मी उरलेल्यांवर पडताळल्या, आणि मधली धरून अशा नऊ पुतळ्या निघाल्या. काहींमध्ये निशाणाची काठी खांबाइतकी जाड झाली होती आणि वरचे निशाण पानाच्या झुबक्यासारखे दिसत होते. एकीत गुडघे टेकलेला डोजे सरळ उभाच राहिला होता, त्यामुळे दोन आकृत्या समोरासमोर उभ्या जोडप्यासारख्या वाटत होत्या. राम-सीता दिसायला इथे फार कल्पना करावी लागत नव्हती. असल्या नकला देशी सोनारांनी आणि पेढ्यांनी अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत भरपूर पाडल्या. व्हेनिसचे राज्य बुडाल्यावर नव्या नाण्यांचा ओघ आटला, पण लग्नकार्यातली पुतळ्यांची मागणी काही आटली नाही. नाण्याची जागा नकलेने घेतली, आणि नकलेची पुढे निव्वळ दागिन्याने.

येथे धाकट्या भावाने सरळ प्रश्न केला, “म्हणजे काका, या खोट्याच ना?” त्याचे उत्तर पाण्यात मिळाले. ज्या चार पुतळ्यांना कडीऐवजी भोक होते, त्यांच्यावर दुसऱ्या धातूचा डाग नसल्याने त्यांची घनता काढता येत होती. पुतळी हवेत तोलायची, मग बारीक दोऱ्याने पाण्यात बुडवून तोलायची, आणि हवेतल्या वजनाला पाण्यात घटलेल्या वजनाने भागायचे. शुद्ध सोन्याचा आकडा १९.३ च्या आसपास येतो. व्हेनिसच्या रेनियेरच्या पुतळीचे वजन ३.४१ ग्रॅम भरले आणि पाण्यात ०.१७७ ग्रॅम घटले, म्हणजे १९.२७. भोकापुरते सोने गेलेले असले, तरी घनतेला त्याने काही फरक पडत नाही. एका नकलेचे वजन ३.४२ ग्रॅम आणि घट ०.१९०, म्हणजे १८.०, हे बावीस कॅरटच्या आसपासचे सोने. दुसरीचे वजन ३.३० ग्रॅम आणि घट ०.२०३, म्हणजे १६.३ च्या जवळ. भेसळ चांदीची की तांब्याची यावर अवलंबून हे साडेअठरा ते वीस कॅरट ठरते. आणि मधली, उलट्या अक्षराची पुतळी : वजन ३.४४ ग्रॅम, घट ०.१७९, म्हणजे १९.२. व्हेनिसच्या टांकसाळीच्या सोन्याशी ती खांद्याला खांदा लावून उभी होती.

घरी ही चाचणी करणाऱ्यांसाठी एक सूचना येथेच देतो. बाजारात सर्रास मिळणारा ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत मोजणारा काटा या कामाला निरुपयोगी आहे. वरच्या बावीस कॅरटच्या पुतळीची घट त्या काट्यावर ०.१८ दिसली तर उत्तर १९.० येते आणि ०.२० दिसली तर १७.१, म्हणजे तीच पुतळी एका वेळी जवळजवळ शुद्ध आणि दुसऱ्या वेळी वीस-एकवीस कॅरटची ठरते. हजाराव्या भागापर्यंत मोजणारा काटा लागतो, पाण्यातले बुडबुडे झटकावे लागतात आणि तीनदा तोलून सरासरी घ्यावी लागते. कडी असलेल्या पुतळ्यांसाठी आम्ही कॅरटमीटर, म्हणजे सोन्याचा कस दाखवणारे यंत्र, वापरला. तो वरचा थरच पाहतो हे ध्यानात ठेवून कडीपासून दूर तीन-तीन ठिकाणी मापे घेतली. सराफाने सुचवलेली कसोटी मी टाळली, कारण दगडावर ओढलेली रेघ ही शेवटी नाण्याचीच झीज असते.

उरलेल्या पाचांपैकी मानेकडच्या चार पुतळ्या पातळ पत्र्यावर ठसा मारून केलेल्या होत्या, त्यांच्यावर लक्ष्मी होती, आणि त्या आपल्या आईने लग्नानंतर गोफ लांबवण्यासाठी करून घेतल्याचे तिन्ही भावंडांना आठवत होते. पाचवी मात्र कुणाच्याच हिशेबात नव्हती. तिच्यावर चिलखत घातलेला एक योद्धा, उजव्या हाती तलवार, डाव्या हाती बाणांची जुडी; दुसऱ्या बाजूला चौकोनी पाटीत पाच ओळींचा मजकूर. घरात तिला ‘शिपाई’ म्हणत. हा डच डुकाट. नेदरलँड्सच्या प्रांतांनी १५८६ पासून तो पाडला. जुडीतले बाण सात प्रांतांचे आणि भोवतीची ओळ ऐक्याने लहान गोष्टी मोठ्या होतात अशा अर्थाची. वजन व्हेनिसच्या नाण्याच्या जवळ, साडेतीन ग्रॅमच्या आत-बाहेर, सोने किंचित कमी, हजारात ९८३ ते ९८६ भाग. योद्ध्याच्या दोन्ही अंगांना साल असते. या नाण्यावर सालाचे १, ७, ७ हे पहिले तीन आकडे स्पष्ट होते आणि शेवटचा झिजून गेला होता. उत्रेख्त प्रांताची अक्षरे वाचता येत होती.

वाचता येत होती म्हणून नाणे उत्रेख्तचेच, असे मात्र मी लिहिले नाही, आणि याचे कारण धाकट्या भावाच्या प्रश्नाशी जुळणारे आहे. बाल्टिकच्या व्यापारात आणि परदेशातल्या सैन्याच्या खर्चासाठी डच डुकाट हवाच, म्हणून रशियाने १७३५ पासून सेंट पीटर्सबर्गच्या टांकसाळीत तो गुपचूप पाडायला सुरुवात केली. ठसा डच, ओळ डच, सोने चोख. नेदरलँड्सने हरकत घेतल्यावर १८६८ मध्ये हे काम थांबले. एका साम्राज्याची टांकसाळ सव्वाशेहून अधिक वर्षे दुसऱ्या देशाचे नाणे पाडत राहिली आणि बाजाराने त्यावर फारसा आक्षेप घेतला नाही, कारण सोने पुरे भरत होते. वॉर्सा येथे १८३१ च्या उठावात पोलिश क्रांतिकारकांनीही डच डुकाटाचीच नक्कल पाडली आणि तिच्यावर ओळखीसाठी एक चिमुकला गरुड बसवला. आज ते नाणे मूळ डच नाण्यांपेक्षा अधिक शोधले जाते. याच्या उलट टोकाला ऑस्ट्रियाचा १९१५ साल कोरलेला सम्राट फ्रान्झ योझेफचा डुकाट आहे : तो तिथली टांकसाळ त्याच सालाने आजही पाडते, त्यात लबाडी काहीच नाही, पण शंभर वर्षांपूर्वीचे नाणे समजून जादा पैसे मोजणारे नवे संग्राहक मी पाहिले आहेत. व्यापारी नाण्यावरचे साल आणि नाव ही पुष्कळदा केवळ वेशभूषा असते.

दुसऱ्या बैठकीत मी भावंडांपुढे तक्ता ठेवला : व्हेनिसच्या सात, हिंदुस्थानी नकला नऊ, ठशाच्या चार, डच प्रकारची एक. नकलांच्या रकान्यात कस वेगळा लिहिला होता. नऊपैकी तिघींचे सोने व्हेनिसच्या तोडीचे, चौघींचे बावीस कॅरटच्या आसपास, दोघींचे त्याहून उतरलेले. ‘खोटे’ हा शब्द लावायचाच असेल तर तो फार तर शेवटच्या दोघींना लागेल, आणि त्याही दागिना म्हणून विकल्या गेल्या असतील तर तेवढेही म्हणता येत नाही, असे मी त्यांना सांगितले.

मग मोलाचा विषय निघाला. व्हेनिसच्या सात पुतळ्या नाणेसंग्राहक मोठ्या किमतीला घेतील, ही थोरल्या भावाची अपेक्षा मला मोडावी लागली. मानीन, रेनियेर आणि चौथा मोचेनीगो यांची नाणी पुष्कळ पाडली गेली आणि पुष्कळ शिल्लक आहेत. त्यातून कडी झाळलेले किंवा भोक पाडलेले नाणे संग्राहकाच्या दृष्टीने जखमी असते. त्याची किंमत सोन्याच्या भावापेक्षा थोडीच वर राहते. कडी काढून टाकावी तर झाळ काढल्याची जागा कायमची दिसते आणि लिलावाच्या यादीत ‘कडी काढलेले’ अशी नोंद चिकटते, म्हणजे दागिनाही गेला आणि नाणेही सुधारले नाही. स्वतंत्रपणे पाहिले तर या माळेत संग्राहकाला हवेसे वाटावे असे नाणे मधली नक्कल हेच होते. शुद्ध सोने, कोरीव ठसा आणि उलटे अक्षर असा मेळ नेहमी दिसत नाही. पण माझे मत विचाराल तर माळ एकत्र राहण्यातच तिचे खरे मोल होते : अठराव्या शतकातले मूळ नाणे, त्याची नक्कल आणि विसाव्या शतकातली ठशाची पुतळी या तिन्ही पायऱ्या एका गोफात, एका घरात, कोणी कोणती कुठे ओवायची हे जाणून ओवलेल्या स्वरूपात क्वचितच सापडतात. संग्राहक म्हणून मधली पुतळी विकत मागण्याचा मोह मला झाला होता. सल्ला देणाऱ्याने त्याच व्यवहारात खरेदीदार होऊ नये, म्हणून तो गिळला.

बहिणीचा प्रश्न कायद्याचा होता. १९७२ च्या पुरावशेष आणि कलानिधी अधिनियमानुसार शंभर वर्षांहून कमी नाही इतके जुने नाणे हे पुरावशेष ठरते, आणि पुरावशेष देशाबाहेर नेण्याचा अधिकार खासगी व्यक्तीला नाही. वारसाने मिळाले किंवा गळ्यात घातले म्हणून व्याख्या बदलत नाही. वस्तू पुरावशेष आहे की नाही याबद्दल वाद झाला, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या महासंचालकांचा निर्णय लागतो, आणि नसल्यास तसे प्रमाणपत्र मिळू शकते. नकलांवर साल नाही, पण त्यांतली एकही शंभर वर्षांच्या आतली आहे असे मी लिहून देऊ शकत नव्हतो. आईने करून घेतलेल्या चार ठशाच्या पुतळ्यांबाबतच वयाची शंका नव्हती. “मला आईच्याच द्या,” असे ती म्हणाली, आणि वाटणीतला अर्धा ताण तिथे उतरला. त्या नेण्यापूर्वीही प्रमाणपत्र आणि सीमाशुल्काचे कागद पुरे करावेत, असे मी सुचवले.

वजनातला फरक पाटल्यांनी भरून काढला गेला. सतरा पुतळ्यांची माळ थोरल्याच्या घरी राहिली, तिच्यात दोघा भावांचा समान हिस्सा असल्याचे कागदावर लिहिले गेले, आणि त्या कागदाला छायाचित्रे, वजने आणि ओवण्याचा क्रम जोडला. धाकट्याने मोडीचा आग्रह सोडला तो माझ्या व्याख्यानामुळे नव्हे. मधल्या पुतळीचा पाण्यातला आकडा त्याने स्वतः दोनदा तोलून काढला होता. नोंदीत तिच्यापुढे असे लिहिले आहे : ‘क्रमांक ११. व्हेनिसच्या डुकाटाची हिंदुस्थानी नक्कल, मोचेनीगोच्या नावाने, एक अक्षर उलटे, वजन ३.४४ ग्रॅम, भोकासह. सोने मूळ नाण्याइतके शुद्ध. हळदीकुंकू काढलेले नाही.’ पटवेकऱ्याने माळ जुन्याच क्रमाने पुन्हा ओवली आणि मानेकडच्या चार रिकाम्या जागा लाल रेशमाने भरून काढल्या.